मूठभर गव्हाचं पीठ

डॉक्टरांनी गहू बंद म्हणून सांगितलं तेव्हा मला वाटलं, एवढंच ना? नांदेडात राहून ज्वारीला काय तोटा. ज्याला सांगावं तोही हेच म्हणायचा, "मग भाकरी खायची की मॅडम, त्यात काय." त्यात काय, ते मला गिरणीत कळलं. आधी कुणाचा तरी गहू दळलेला, त्याच चक्कीत माझी ज्वारी, आणि मला गव्हाचा कणही चालत नाही. तेव्हापासून मी सकाळी गिरणी उघडायच्या आधी डबा घेऊन दारात उभी असते, आणि तरीही पहिलं किलोभर पीठ शेजारच्या गाईला घालते. गिरणीवाला मला बघून हसतो. हसू दे.

पुरणपोळीवर पाणी सोडलं, चहासोबतच्या खारीवर सोडलं, शेवयांच्या खिरीवरही. धपाट्यांचं मात्र जमेना. माझे धपाटे तव्यावर टाकतानाच फाटायचे, आणि एखादा टिकला तरी तो आक्काचा नसायचा. आक्का माझी थोरली बहीण, लातूरला दिलेली. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, पुढचं सगळं आक्कानं केलं. ताप उतरला की धपाटे, पेपर अवघड गेला की धपाटे. लग्नानंतर मी एकदा भांडून तिच्याकडे गेले, तेव्हाही तिनं काही विचारलं नाही, ओल्या फडक्यावर धपाटे थापायला घेतले.

दुखणं निघाल्यापासून मी लातूरला जायचंच टाळत होते. फोनवर कधी शाळेचं कारण, कधी पाहुण्यांचं. शेवटी ती म्हणाली, "माझ्या घरचं पाणी बी चालंना का तुला?" मग गेले. एसटीत लातूर येईपर्यंत मनात एकच घोकत होते, काय विचारायचं, कसं विचारायचं, तिला न दुखवता.

ताट पुढ्यात आलं. धपाटे, वर दही, बाजूला शेंगदाण्याची चटणी.

"नुसत्या ज्वारीचे ना?"

"हाव गं. ज्वारी, बेसन, तीळ. खा आता."

"गहू नाही ना?"

"न्हाई म्हनलं ना. किती इचारतीस."

खाल्ले. तीन खाल्ले, चौथा मागून घेतला. किती दिवसांनी पोट भरल्यासारखं वाटलं, डोळ्यांत पाणी आलं आणि मी मिरचीवर ढकललं. मग पाणी घ्यायला आत गेले, तर ओट्यावर पिठाचा डबा उघडा. गव्हाचा.

"आक्का, हा कशाला काढलाय?"

"मूठभर तर टाकावंच लागतंय. न्हाई तर फाटत्यात."

ती खोटं बोलली नव्हती. धपाट्यातली मूठ तिच्या लेखी गहू नव्हतीच. कुणी विचारलं तर मीठ टाकलं म्हणून आपण सांगतो का? मीही वीस वर्षं तशीच टाकली होती, न मोजता.

मी घड्याळ बघितलं. सव्वा बारा. गहू पोटात गेला की त्रास सुरू व्हायला मला साधारण दोन तास लागतात. आक्का सुनेचं काहीबाही सांगत होती, मी हूं हूं करत होते आणि पोटात काही हलतंय का याकडे कान लावून होते. एक वाजता तिनं हसून विचारलं, "बग, झालं का काही? तेवढ्यानं काय हुतंय."

मी घाबरले ती तिच्या या बोलण्यानं. काही झालं नाही म्हणाले तर ती जन्मभर मूठ टाकणार आणि मला ते खावं लागणार. झालं म्हणाले तर ती पुन्हा माझ्यासाठी परातीला हात लावणार नाही. तिला मी पुरती ओळखते.

दोनला पोटानंच निकाल लावला. ऐकू जाऊ नये म्हणून मी बाथरूमचा नळ पूर्ण सोडला. बाहेर आले तर ती टॉवेल घेऊन दाराशीच उभी.

"त्या मुठीनंच का गं?"

एसटीच्या प्रवासाचं निमित्त सांगता आलं असतं. मी हो म्हणाले. तिनं परात घासायला घेतली आणि किती तरी वेळ घासत बसली.

त्यानंतर चार महिन्यांनी गेले. या खेपेला विचारायचं काय, याची धास्ती नव्हती, दुसरीच होती. मी पाटावर बसले. आक्कानं बाकीच्यांना वाढलं आणि माझ्यापुढे धुतलेल्या ताटात न सोललेली चार केळी ठेवली.

"आता हेच खात जा. तूच सोल. माझा हात न्हाई लागला आतल्याला."

 मी केळं उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "तू सोलून दे."

ती उठली. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. मग माझ्यासमोर बसून केळं सोलायला लागली. मी तिच्या नखांकडे बघत होते, कुठे पीठ राहिलंय का. लाज वाटली, तरी बघत होते. आणि तिनं ते पाहिलं, आणि हात उताणे करून माझ्यापुढे धरले.