काजव्याचा फीडर

आमच्या कारखान्यातल्या वेल्डरकाकांना सगळे काजवा म्हणतात. कोपऱ्यात बसून लखलखतात म्हणून हे नाव पडलं. आता एकटेच लखलखतात, त्यामुळे ते जास्तच शोभतं. तोंडावर मात्र काकाच. मी स्टोअरचा कारकून असलो तरी तेवढी रीत मला घरून मिळालेली आहे.

पूर्वी ते दोघं होते, काका आणि त्यांचा मेहुणा. वेल्डिंगचं मशीन भिंतीपाशी. फीडर, म्हणजे रिळावरची तार गनच्या तोंडापर्यंत ढकलणारी पेटी, बारा पावलांवर कामाजवळ. तारेचा वेग फीडरवर, व्होल्ट मशीनवर. काका मुखवट्याआडून ओरडायचे, "वाढव." मेहुणा मशीनपाशी स्टुलावर बसून वाढवायचा. "कमी." कमी करायचा. वीस वर्षं दोघांत एवढंच बोलणं झालं असेल, आणि तेवढ्यावर त्यांचं झकास चाललं होतं.

मग काकू गेल्या. दवाखान्याच्या जिन्यात मेहुणा म्हणाला, "माझ्या बहिणीला दोन दिवस आधी आणायला हवं होतं." काका जिना उतरू लागले. महिन्याभरात मेहुणा नोकरी सोडून मुलाकडे राहायला गेला. त्याला चार वर्षं झाली. काकांच्या घरी दोन खुर्च्या आहेत. एकीवर ते बसतात, दुसरीवर धुतलेला डबा पालथा घालतात.

यंदा जुनं मशीन जळालं. मालकांनी दुसऱ्या कंपनीचं नवं आणलं आणि त्यासोबत इस्त्रीच्या शर्टातला विक्रेता आला.

"काका, फीडरही आमचाच घ्या. दोन्ही बटणं फीडरवर. मशीनपाशी माणूसच लागत नाही."

"माणूस नाहीच आहे," काका म्हणाले.

"मग उत्तमच की."

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो आपलं माहितीपत्रक पुन्हा वाचू लागला.

मालक म्हणाले, "जुना फीडर चारपर्यंत चालवून दाखव, तर राहील. नाहीतर चारला भंगारवाला येतोय."

व्होल्ट दोन्हीकडे एकच होते, पाट्या वाचून काकांनी खात्री केली. अडचण होती पिनांची. दोन कंपन्यांच्या खोबण्या एकमेकींशी जुळेनात. काकांनी नव्या मशीनचा प्लग मागून घेतला, त्याला जुनी केबल जोडली. लालला लाल, पिवळीला पिवळी. मशीन चालू केलं. गनचा खटका दाबायच्या आतच रीळ उलटं फिरलं आणि गनने बाहेरची तार गिळून टाकली.

"दिसतं तसं नसतं, काका," विक्रेता म्हणाला.

काकांनी मशीन बंद करून फीडरचं झाकण उघडलं. आत चिकटपट्टीखाली वायरींचे रंग बदलत होते. कधीतरी मेहुण्याने हाताला येतील ते तुकडे लावून ही पेटी पुन्हा बांधली होती. कुठली वायर मोटरची आणि कुठली खटक्याची, हे तोच जाणे.

मी स्टोअरमधून वायरी तपासायचा मीटर आणून फीडरजवळच्या स्टुलावर ठेवला. मीटर लावला असता तर अर्ध्या तासात सगळ्या वायरी बोलत्या झाल्या असत्या. काकांनी मीटरकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं. मग फोन स्पीकरवर लावून फीडरवर ठेवला, कारण दोन्ही हात पेटीत हवे होते.

"दाजी?" पलीकडून आवाज आला.

"फीडरच्या वायरी," काका म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकली.

"पिवळी आणि पांढरी खटक्याची. हिरवी, काळी मोटरची. हिरवी प्लसला."

"आणि लाल?"

"लाल कुठेच जात नाही."

"मग घातलीस कशाला?"

"उरली होती."

काका मिशीत हसल्यासारखं वाटलं.

"मीटर नाही का तुमच्याकडे?" मेहुण्याने विचारलं.

काकांच्या कोपरापासून मीटर वीतभर लांब होता. "नाही," ते म्हणाले.

"बरं. मशीनवर कोण असतं आता?"

"कोणी नाही."

पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं. ती लावून झाली.

"ठेवतो मग," मेहुणा म्हणाला.

"ठेव."

साडेतीनला तार सरळ बाहेर आली. काकांनी मुखवटा ओढला, खटका दाबला आणि ठिणग्या जरा तडतडल्या तशी नेहमीच्या आवाजात हाक दिली, "वाढव."

विक्रेता माझ्याकडे पाहू लागला. मी मीटरकडे. काकांनी गन खाली ठेवली, मुखवटा वर केला, बारा पावलं चालत गेले, बटण थोडं फिरवलं आणि बारा पावलं परत आले. मग पुन्हा गेले. मालकांनी लांबून पाहिलं आणि भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

सुटीच्या वेळी काका मीटर परत द्यायला आले. "हा बंद आहे, लिहून ठेव."

मी तिथल्या तिथे लावून पाहिला. ठणठणीत होता.

"चालू आहे, काका."

"बंद आहे," ते म्हणाले आणि वहीत मी काय लिहितो ते बघत खिडकीशी उभे राहिले.

मी 'नादुरुस्त' लिहिलं. अजूनही तसंच आहे.