सातव्या मजल्यावरचा बांध

माझ्या सासूबाई, शेवंतीबाई, खाडीकाठच्या मोरव्याच्या. निम्मं आयुष्य मिठागराच्या बांधावर गेलं. तिथे खेकडा बांधाला बीळ पाडतो, बिळातून खाडीचं पाणी आत झिरपतं आणि उन्हात धरलेलं मीठ विरघळून जातं. म्हणून रोज संध्याकाळी बांधावरून फेरी मारायची आणि ओल दिसली की चिखलाचा गोळा थापायचा. पुढे मिठागर गेलं, सासरे गेले आणि त्या शहरात, हाटकेशला, आमच्या सातव्या मजल्यावर राहायला आल्या. इथे ना बांध, ना खेकडा. त्या नुसत्या खिडकीत बसून राहायच्या. मला काळजी वाटायची. अर्थात मला ज्याची काळजी वाटत नाही असं या घरात फारसं काही नाही.

मग एकदा त्यांनी टीव्हीखालच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं.

"मिनल, यो लाल डोला कनाला जलतंय? टीवी त बंद हाय."

"बंद नाही, आई. स्टँडबायवर आहे. रिमोट दाबला की लगेच लागावा म्हणून थोडी वीज घेत राहतो."

"दिसभर?"

"हो."

"मंग गलतंय म्हन की."

त्या दिवशी त्यांना बांध सापडला. रोज संध्याकाळी शेजारीपाजारी दिवे लावायचे आणि सासूबाई विझवत फिरायच्या. सेट-टॉप बॉक्स, मायक्रोवेव्हचं घड्याळ, वॉशिंग मशीन, मोबाइल नसताना भिंतीला लोंबणारे चार्जर. मागे दडलेल्या बटणांसाठी हातात लाटणं. चपाती लाटताना मला ते शोधायला लागायचं, पण त्या दोन घास जास्त जेवायला लागल्या होत्या, म्हणून गप्प बसले.

फक्त अमावास्या आणि पुनवेला पंचाईत व्हायची. त्या दिवशी खाडीला उधाण येतं, बांधावर दाब वाढतो. म्हणून सासूबाई थेट मेन स्विच खाली ओढायच्या. विजेला भरती-ओहोटी नसते, हे मी बी.एस्सी.च्या जोरावर समजावून पाहिलं.

"तुला काय म्हाईत," त्या म्हणाल्या, "तू पुण्याची."

माझा नवरा गुणवंत ऑफिसच्या हरित समितीवर आहे. म्हणजे एसी लावलेल्या खोलीत बसून वीज वाचवण्यावर बोलतो. आईने लाटणं घेऊन फिरावं हे त्याला कमीपणाचं वाटलं. त्याने स्मार्ट प्लग आणले आणि एकेका यंत्राला लावले.

"आई, आता तू बस. फोनवर एक बोट लावलं की सगळं घर बंद."

टीव्हीचा लाल दिवा खरंच विझला. सासूबाईंनी वाकून पाहिलं. प्लगवर निळा दिवा होता.

"आनि यो?"

"तो प्लगचा. तो चालूच लागतो, नाहीतर बंद कोण करणार?"

"म्हंजे खेकरा पकराला खेकराच ठेवलास."

फेरी मात्र थांबली. त्या पुन्हा खिडकीत जाऊन बसल्या. चार दिवसांनी भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "मी मोरव्याला जातंय. दिराचं घर हाय. इथं माझं काय काम?"

गुणवंतला वाटलं, आई रुसली आहे, आज ना उद्या राग जाईल. मला तसं वाटेना. त्यांची पिशवी खुंटीवरून खाली आली होती.

पुनवेला मी, गुणवंत आणि आमची मुलगी समिधा गोडदेवला नात्यातल्या हळदीला गेलो. गुडघा दुखतोय म्हणून सासूबाई घरीच राहिल्या. तिथे डीजेच्या आवाजात शेजारच्या कुलदीपचा फोन आला.

"भाभी, आंटी अकेली पार्टी कर रही है क्या?"

धावत आलो. टीव्ही गर्जत होता, एसी सोळावर होता, समिधाचा स्पीकर भिंती हलवत होता. सासूबाई दाराशी खुर्चीत बसलेल्या, पिशवी मांडीवर.

"मी काय तोरलं न्हाय," त्या म्हणाल्या. "उधान व्हतं म्हनून मेन खाली केला. मंग वर केला त सगलं एकदम जागं झालं. परत हात लावाची मना भीती वाटली. गुणा, मना सकाली मोरव्याला सोर."

गुणवंतने फोन काढला. बराच वेळ काहीतरी वाचलं. वीज जाऊन आली की प्लगनी काय करायचं, हे त्याने सांगायचं राहिलं होतं. मग प्लगनीच सगळं चालू करायचं ठरवलं.

"सेटिंग आहे," तो पुटपुटला. त्याने एकेक प्लग उपटून खणात टाकला. "आई, उद्यापासून फेरी तूच मार."

"मना दया नको."

"दया नाही गं. मला जमत नाही हे."

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "पुनवेला मेन मीच खाली वरनार."

"ओढ."

पिशवी खुंटीवर गेली. आता माझी अट उरली होती. आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. वायफाय गेलं की क्लासहून निघताना समिधा जो मेसेज टाकते तो येत नाही आणि मी मनातल्या मनात तिला गटारात, इस्पितळात, नाही नाही तिथे पाहून येते. म्हणून ती येईपर्यंत मोडेमला हात लावायचा नाही. यावर भांडण होणार याची मी तयारी ठेवली होती.

"नाय लावत," सासूबाई म्हणाल्या. "बांधाला एक दार ठेवतातच गो. खारीचं पानी आत आलं नाय त मीठ कसं पिकंल?"

तेव्हापासून संध्याकाळी घरातले सगळे लाल डोळे मिटतात. एक मोडेम लुकलुकत असतो आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसतो. बेल वाजते, समिधा चप्पल काढते. सासूबाई "आली" म्हणून लाटणं घेऊन उठतात आणि तेही बटण दाबतात. आत गुणवंतच्या हरित समितीची ऑनलाइन बैठक चालू असते. ती तेवढ्यावरच संपते.