मित्राताईचे स्फटिक

मित्राताई गेल्याचं मला कुरकुंभच्या कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये कळलं. दुपारची पाळी सुरू व्हायची होती, हातात चहाचा ग्लास होता. दौंडच्या कॉलेजमधून फोन आला होता... प्रयोगशाळेचा जिना चढताना ती छातीला हात लावून पायरीवर बसली ती उठलीच नाही. पन्नाशीही गाठली नव्हती तिनं. त्याला आता दीड महिना झाला. आमच्या गावी, वडगाव रासाईला, भीमेच्या काठी अंत्यविधी झाला तेव्हा गर्दीतून एकच वाक्य दोन-तीनदा कानावर आलं, ‘‘युरेनियमनं खाल्लं बघा पोरीला.’’ ताई असती तर गर्रकन वळून म्हणाली असती, ‘‘कुणी सांगितलं? मोजलं का कुणी?’’ मी मात्र गप्प उभा राहिलो. घरी आल्यावर त्या गप्प राहण्यानं मला झोपू दिलं नाही, कारण तिच्या बाबतीत मी गप्प राहण्याची ती पहिली वेळ नव्हती.

डॉ. संघमित्रा ही माझी चुलत बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचे वडील, आमचे आप्पा, शिरूरच्या पोस्टात होते. गावातल्या आमच्या वस्तीतून एम.एस्सी. झालेली ती पहिली मुलगी. मग पुणं, मग मुंबईतली एक मोठी सरकारी संशोधन संस्था. तिच्या विषयाचं नाव ऑर्गॅनोमेटॅलिक रसायनशास्त्र, म्हणजे धातू आणि कार्बन एकमेकांना कसे जोडले जातात त्याचं, त्यातही थोरियम, युरेनियम अशा जड, किरणोत्सारी मूलद्रव्यांचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईला गेलो होतो तेव्हा तिनं खास परवानगी काढून मला प्रयोगशाळेच्या काचेबाहेरून तिचं काम दाखवलं. एक पारदर्शक बंद पेटी, तिला आतल्या बाजूला लांब काळे रबरी हातमोजे, आणि त्यात कोपरापर्यंत हात घालून उभी असलेली ताई. आतल्या कुपीत चिमूटभर हिरवी पूड होती. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘‘हवा लागली की पेट घेते ती. म्हणून पेटीत नुसता नायट्रोजन.’’

‘‘मग अशा वस्तूचा उपयोग काय गं?’’ मी विचारलं.

‘‘युरेनियम म्हटलं की लोकांना बॉम्ब आठवतो, दिल्या. मला त्याचा स्वभाव बघायचाय. कार्बनचा हात धरतो तवा कसा धरतो, घट्ट का सैल, एवढंच.’’

एवढंच बघायला तिला साडेतीन वर्षं लागली, आणि तरी ते पूर्ण झालं नाही. त्या पदार्थाचे नीट स्फटिक मिळाले असते तर क्ष-किरणांनी त्याच्या आतली रचना दिसली असती. स्फटिक काही होईनात. शेवटी परदेशातल्या एका गटानं तीच रचना छापली. ताईनं तो लेख मला दाखवला, ‘‘चांगलं काम केलंय त्यांनी,’’ म्हणाली, आणि मग संस्थेच्या वसाहतीतल्या रस्त्यानं इतक्या झपाझप चालत सुटली की मला तिच्यामागं पळावं लागलं. तिला एका जागी बसता येत नसे. जेवतानासुद्धा ती मधेच उठून खिडकीपर्यंत जाऊन यायची.

पुढं काकूला अर्धांगवायू झाला. आप्पा तर आधीच गेले होते. ताईनं मुंबई सोडली, दौंडला दोन खोल्या घेऊन आईला आणलं आणि कुरकुंभच्या एका औषधी रसायनांच्या कारखान्यात संशोधन विभागात लागली. त्याच कारखान्यात मी ऑपरेटर होतो. मला अभिमान वाटायचा. ती प्लँटवर आली की हिंदी बोलणारे कामगारही ‘‘मॅडम आयी’’ म्हणत सावरून उभे राहायचे.

आता त्या दिवसाबद्दल. आमच्या रिअ‍ॅक्टरमध्ये ईथरखाली मॅग्नेशियमचा चुरा होता आणि वरून दुसरं रसायन बारीक धारेनं सोडायचं होतं. रिअ‍ॅक्शन सुरू झाली की तापमान चढतं. ती सुरू झाल्याशिवाय धार वाढवायची नाही, नाहीतर रसायन आत साचत जातं आणि मग सगळं एकदम उसळतं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. तास झाला, काटा हलेना. पाळीचा इन्चार्ज वैतागला. ‘‘काटाच खराब हाय. शीटवर ‘सुरू’ लिही आन् धार वाढव.’’ मी लिहिलं. माझ्या अक्षरात, वेळ टाकून. धारही वाढवली.

थोड्या वेळानं ताई आली. रिअ‍ॅक्टरच्या काचेच्या खिडकीतून आत डोकावली. आतलं द्रावण राखाडी, गढूळ दिसायला हवं होतं. ते स्वच्छ होतं.

‘‘दिल्या, हे कवा सुरू झालं?’’

मी इन्चार्जकडं बघितलं. ‘‘पावणेअकराला.’’

तिनं भांड्याच्या बाहेरून हात लावला. ‘‘खोटं हाय हे. थंडगार हाय सगळं.’’ मग तिनं स्वतः धारेचा व्हॉल्व्ह आवळून बंद केला, भांड्याभोवतीच्या आवरणात थंड पाणी पूर्ण सोडायला लावलं आणि ओरडली, ‘‘सगळे बाहेर! वस्तू तिथंच ठेवा!’’ आम्ही गेटपाशी उभे होतो. वीसेक मिनिटांनी आत साचलेलं सगळं एकदम उसळून उठलं. दाब वाढून सुरक्षेची चकती फुटली, छतावरच्या नळीतून ईथरच्या वाफेचा लोट वर गेला आणि सुदैवानं वाऱ्यावर विरला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. धार आणखी अर्धा तास चालली असती तर हा लेख लिहायला मी नसतो.

चौकशी झाली ती मात्र तिची. कारखान्याचं म्हणणं असं पडलं की रिअ‍ॅक्शन व्यवस्थित सुरू होती, संशोधन विभागाच्या बाईंनी प्लँटमध्ये ढवळाढवळ करून धार बंद केली म्हणून बिघाड झाला. पुरावा काय, तर ती शीट. मला आत बोलावलं. ‘‘यावर लिहिलंय ते खरं?’’ टेबलाच्या पलीकडं ताई बसली होती. मला कायम होऊन तीन महिने झाले होते, मुलगी दोन वर्षांची होती... मी ‘‘हो’’ म्हणालो. ताईनं त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

दौंडच्या कॉलेजात ती शिकवायला लागली. मी तिला टाळत राहिलो. वरवंडला लग्नात दिसली तर दुसऱ्या पंगतीत बसलो. दोन वर्षांनी तिचाच निरोप आला, ‘‘शनिवारी ये. नळ्या बसवायच्यात.’’ कॉलेजच्या एका अडगळीच्या खोलीत तिनं स्वतःची यंत्रणा उभी करायला घेतली होती. काचेच्या नळ्या, तोट्या, एक जुना पंप, नायट्रोजनचा सिलिंडर. कॉलेजात थोरियम ठेवता येत नाही, म्हणून तिनं सेरियम घेतलं होतं. ‘‘हा थोरियमचा मावसभाऊ. तोंडवळा तसाच, पण किरणं सोडत न्हाई.’’ मी जोड आवळत होतो. आवळता आवळताच मी म्हणालो, ‘‘ताई, ती शीट... मी लिवली व्हती.’’

‘‘माहीत हाय. तुझं अक्षर मी वळखत न्हाई व्हय?’’

‘‘मग तू बोलली का न्हाईस?’’

‘‘ते तू बोलायचं व्हतं.’’ पुढची नळी माझ्या हातात देत म्हणाली, ‘‘आन् मी बोलावलं म्हंजी माफ केलं, असं समजू नको. मला जोड चांगले आवळणारा माणूस पायजे.’’

त्यानंतर पाच वर्षं मी शनिवारी सुटी असली की जात राहिलो. तो विषय पुन्हा निघाला नाही. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिची विद्यार्थिनी अश्विनी हिचा फोन आला, ‘‘मामा, लवकर या.’’ बंद काचपात्राच्या तळाशी गडद जांभळट लाल, सुईसारखे स्फटिक उभे होते. ताई हसली नाही. ‘‘खुर्ची दे रे,’’ म्हणाली आणि बसून बघत राहिली. तिला इतका वेळ एका जागी बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुण्याला क्ष-किरणांच्या यंत्राची तारीख मिळायला वेळ लागला. तारीख मिळाली, त्याच्या चार दिवस आधी ती गेली.

स्फटिक अश्विनी घेऊन गेली. रचना आली आहे. कार्बनच्या दोन कड्या आणि मधे सेरियम, ताई म्हणायची तशीच. त्यावरच्या शोधलेखावर पहिलं नाव तिचं आहे. आणि चौकशीत बोलायला हवं होतं ते मी आज लिहितो : त्या दिवशी रिअ‍ॅक्शन सुरू झाली नव्हती. शीटवरचं अक्षर माझं. डॉ. संघमित्रा यांनी पाळीतल्या अकरा माणसांचा जीव वाचवला.

हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

कॉलेजला ती खोली परत हवी आहे. गेल्या शनिवारी मी यंत्रणा बंद करायलाच गेलो होतो. नळीच्या टोकाला तेलाची छोटी काचेची बाटली आहे. तिच्यात बुडबुडा येत राहिला म्हणजे आत नायट्रोजन आहे, हवा शिरलेली नाही. काचपात्र रिकामं आहे, सांभाळायला आत काहीच उरलेलं नाही. सिलिंडर संपत आला होता, बुडबुडे फार सावकाश येत होते. अश्विनी माझ्याकडं बघत होती. मी पाना घेतला, जुना सिलिंडर काढला आणि नवा जोडला.