सुट्टीच्या दिवशी रंगकाम: तोआ पायोहची एक सेवा-सहल

सहा दिवस लोकांची घरं रंगवणाऱ्या माणसाने रविवारी काय करावं? मी फुकटात घर रंगवायला गेलो. तुमच्यापैकी कुणाच्या मनात असली सेवा-सहल करायची असेल तर वाचा. सोबत खरवडायची पट्टी ठेवा, एवढं आधीच सांगतो.

झालं असं, उल्काताईंचा फोन आला. त्या पुण्याच्या, इथे सिंगापूरला बँकेत आहेत, पासिर रिसला राहतात. गणपतीत मखराला रंग दिला तेव्हापासून आमची ओळख. "दीपक, अमेरिकेतून कॉलेजची मुलं येतायत. स्प्रिंग ब्रेक आहे त्यांचा. एका म्हाताऱ्या अंकलचं घर रंगवायचंय. रंगातलं कळणारा एक तरी माणूस हवा रे."

मला खोलीत बसून राहणं जमत नाही. शाळेतही नववीच्या पुढे जमलं नाही. म्हटलं, येतो. स्प्रिंग ब्रेक म्हणजे वसंतातली सुट्टी, हे ताईंनीच सांगितलं. आता सिंगापूरला ऋतू एकच, घामाचा. पण पोरं वसंत घेऊन निघाली होती, तर येऊ देत.

आम्हा कामगारांची डॉर्मिटरी चोआ चू कांगच्या पुढे. तिथून बस, मग लाल लाइनची एमआरटी, म्हणजे मेट्रो. गाडी बदलावी लागत नाही, पण ती अख्ख्या उत्तरेला वळसा घालून तोआ पायोहला जाते. सगळं मिळून सव्वा तास, खर्च अडीच डॉलरच्या आत. स्टेशनजवळ कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेतली, दीड डॉलर. पोरं वीस तास विमानात बसून आली होती. त्यांचा खर्च विचारला नाही.

अंकलचं नाव टॅन. सरकारी भाड्याचं एका खोलीचं घर, राहतात एकटे. इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभे होते. कॉट, कपाट सगळं बाहेर कॉरिडॉरमध्ये काढलेलं. स्टुलावर बिस्किटांचे दोन डबे. आत निळ्या टी-शर्टातली आठ पोरं. भिंती चार, रोलर चार, माणसं अकरा.

"हेच घर कसं निवडलं?" मी ताईंना विचारलं.

"भिंतींचे फोटो येतात. ज्याची भिंत सगळ्यात खराब, त्याचा नंबर. अंकलचा सलग दुसऱ्या वर्षी लागला. बाथरूमकडून ओल येते ना. आणि हे बघ, तू हात लावू नकोस हं. नुसतं सांग. अनुभव मुलांना मिळायला हवा. त्यांचे तास मोजतात कॉलेजात."

मी सांगितलं, "फर्स्ट स्क्रेप." आधी खरवडा, पॉलिश पेपर मारा, मग भेगांत लांबी भरा. पोरं म्हणाली शुअर, शुअर, आणि रोलर थेट डब्यात. ओल्या भिंतीवर रोलर फिरवला तर जुना रंगच पापुद्र्यासारखा सुटून रोलरला चिकटला. मी खिशात हात घालून उभा. माझ्या मुकादमाने हे पाहिलं असतं तर झोपला असता तिथेच.

जेवायला खालच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत गेलो. चिकन राइस साडेचार डॉलर, मस्त. शेजारी एक उंच पोरगा बसला. "तू कुठून आलास?"

"चोआ चू कांग."

"वाव! भारतात कुठे येतं ते?"

"वायव्येला," मी म्हटलं. सिंगापूरच्या वायव्येला, पण तो समाधान पावला.

"तुला रंगाचं बरंच कळतं. नेहमी करतोस?"

"रोज. दहा-दहा तास."

"रोज सेवा?" त्याचा चमचा हवेतच थांबला. एवढ्या आदराने माझ्याकडे गावातसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं. मी दुरुस्ती केली नाही.

चार वाजता सगळी कॉरिडॉरमध्ये गोल करून बसली. आज काय शिकलो, ते एकेकाने सांगायचं. एमा नावाची मुलगी भिंतीबद्दल बोलता बोलता रडली. अंकल प्रत्येकाला बिस्किट देत फिरत होते, रडणारीला दोन. साडेचारला बस आली. गळाभेटी, फोटो, बाय बाय.

आत दीड भिंत झाली होती. ओली भिंत तर खरूज झाल्यासारखी दिसत होती. अंकलची कॉट बाहेरच.

ताईंनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दीपक, आता लाव बाबा हात."

मी लावला. तीन भिंतींना दोन दोन हात मारले. शेवटी पट्टी घेऊन ओल्या भिंतीकडे वळलो, तर अंकलने मनगटच धरलं.

"धिस वन, नो नीड ला."

"अंकल, नीट खरवडून ओलीचं औषध मारतो. पाच वर्षं बघायला नको."

"फाइव्ह इयर?" म्हातारा दचकलाच. "फाइव्ह इयर दे गो लिम हाउस!"

लिम म्हणजे समोरच्या दारातले शेजारी. त्यांचीही भिंत खराब, त्यांनीही फोटो पाठवलेला. अंकलने बोटांवर मोजून समजावलं. भिंत चांगली, तर फोटो चांगला. फोटो चांगला, तर नंबर गेला. "वन इयर, वन डे, माय हाउस फुल," म्हणाले. "लिम हॅज थ्री सन. एव्हरी संडे फुल. व्हाय ही वॉन्ट अमेरिकन?"

ताई फोटो काढायला मोबाइल घेऊन दारात आल्या. "झालं का रे?"

अंकलने मनगट सोडलं नव्हतं.

"ताई, ही भिंत ओली आहे. ओल्यावर रंग धरत नाही. आज नाही घेता येणार."

खोटं काहीच नव्हतं त्यात. ताईंनी अंकलकडे पाहिलं, अंकलने छताकडे. मग ताईंनी वहीत लिहिलं, एक भिंत बाकी, आणि फोटो फक्त तिचाच काढला. जवळून, चांगला मोठा.

कॉट आत लावून दिली. खिडकी उघडी ठेवा, वास जाईल, असं बजावलं आणि निघालो.

डॉर्मिटरीत अंगावर रंग बघून खोलीतले हसले. "छुट्टी में भी काम? और पैसा ज़ीरो?" मी आडवा पडलो, पण ती भिंत डोळ्यांसमोरून हलेना. इथे चार वर्षांत मी एकही काम अर्धं सोडलेलं नाही. माझं काम चांगलं असतं, म्हणून मालक खूश होतो, दार लावून घेतो आणि पुढची पाच वर्षं मला कुणी बोलावत नाही. अंकलसारखी एक भिंत बाकी ठेवावी, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

परवा ताईंकडून नंबर घेऊन अंकलना फोन केला. म्हटलं, रविवारी येतो. रंगवायला नाही, नुसता.

अंकलनी आवाज खाली आणला. मग त्यांनी विचारलं, "लिमला सांगितलंस का?"

"नाही."

"गुड. किती वाजता येतोस?"