नुसरतने न घेतलेली चाचणी

वलवणची नुसरत मानसशास्त्र शिकली आणि स्किझोफ्रेनियावरच्या एका संशोधनात चाचण्या घेण्याच्या कामाला लागली. लोणावळ्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिची खोली होती. रस्त्याकडची खिडकी ती बंद ठेवायची. गाडीच्या हॉर्नने एखाद्याचं लक्ष उडालं तर उगाच आजाराच्या खात्यावर पडायचं, असं ती म्हणे.

संशोधनाचा प्रश्न साधा होता. औषधांनी कानातले आवाज थांबतात. पण लक्ष लागणं, लक्षात राहणं, एकामागून एक कामं उरकणं बऱ्याच जणांना जमेनासं झालेलं असतं. त्याचा सराव करून घेतला तर फरक पडतो का? निम्म्या रुग्णांना असा सराव मिळणार होता. बाकीच्यांना तेवढाच वेळ नुसत्या गप्पांचा गट. कोण कुठे जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. नुसरतला तेवढं मात्र कळायला नको होतं, कारण आधी आणि नंतर मोजणारी तीच.

चाचणीत ती एका लयीत शब्द वाचायची आणि समोरच्याने आठवतील तेवढे सांगायचे. दुसऱ्या खेपेला शब्द वेगळे, म्हणजे पाठांतराचा फायदा नको. तुलनेसाठी मावळातलीच, तेवढंच शिकलेली, आजार नसलेली माणसं घेतली होती. "शहरातल्या पदवीधरांशी ताडून पाहिलं तर आमची हुस्नबानो आत्यासुद्धा आजारी ठरेल," नुसरत हसून सांगायची.

कुसगावच्या शालूबाई एका बंगल्यावर स्वयंपाक करायच्या. आजार आला, औषधं लागू पडली, आवाज गेले. पण भाजीत मीठ दोनदा पडू लागलं, कुकर लावायचाच राहू लागला. काम सुटलं. घरात बोलणं सुरू झालं की बाई अंग चोरते.

पहिल्या चाचणीत त्यांना थोडेच शब्द आठवले. मग त्या नुसरतच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"पयलं अक्षर तरी सांग की, पोरी."

"नाही सांगता येत, मावशी. आठवले तेवढे पुरेत."

नुसरतला वाईट वाटलं, पण तिने ओठ हलू दिले नाहीत.

दोन्ही गटांचं काम संपल्यावर शालूबाई पुन्हा आल्या. हॉटेलात रिसेप्शनवर असलेली त्यांची लेक सारिका सुट्टी टाकून सोबत आली होती. ती बाहेर थांबली. खुर्चीत टेकता टेकता शालूबाई म्हणाल्या, "त्या कंपुटरवर लय खेळवलं बग आमाला."

"मावशी, थांबा."

पण उशीर झाला होता. कॉम्प्युटर फक्त सरावाच्या गटाला होता. खोलीत दोघीच होत्या, कागद समोर तयार होते. नुसरतने ते बाजूला सारले आणि संशोधन चालवणाऱ्या अनघा मॅडमना फोन लावला. "यांचा गट मला कळलाय. दुसऱ्या कोणाला तरी पाठवा."

देहूरोडला अशाच चाचण्या घेणारा सुहास पुढच्या आठवड्यातच येऊ शकत होता. सारिका वैतागली.

"आई एक वाक्य बोलली म्हणून माझी सुट्टी फुकट? तुम्ही काय खोटे मार्क देणार होतात?"

"खोटे नसते दिले," नुसरत शांतपणे म्हणाली. "पण अर्धवट शब्द आला असता तर मी तो पुरा धरला असता. त्यांचं चांगलं व्हावं असं मला वाटतं ना! मग उद्या कोणी म्हणेल, मोजणारीनेच सांभाळून घेतलं. मावशींच्या मेहनतीला काय अर्थ राहील?"

शालूबाईच उठत म्हणाल्या, "त्यालाच बोलव मग. म्या येईन की."

सुहासने चाचणी घेतली. पुढे सगळ्यांचे निकाल एकत्र उघडले, तेव्हा सराव केलेल्यांचं लक्ष गप्पांच्या गटापेक्षा चांगलं टिकत होतं. शब्द लक्षात राहण्यात मात्र फारसा फरक नव्हता. शालूबाईंचंही तसंच होतं. अनघा मॅडमनी बैठकीत नुसरतलाच निकाल मांडायला उभं केलं. तिने दोन्ही गोष्टी तितक्याच ठामपणे सांगितल्या.

शालूबाई आता एका नातेवाइकाच्या खानावळीत सकाळची भाजी करतात. टीव्ही बंद करायला लावतात आणि एका वेळी एकच पातेलं चढवतात. अंग चोरते, असं घरात आता कोणी म्हणत नाही. नव्या संशोधनासाठी चाचण्या घेणाऱ्यांना नुसरत शिकवते, आणि चूक झाली तर त्याच दिवशी सांगून मोकळं व्हायचं, हे पहिल्याच तासाला बजावते.