ज्यानं बांधली त्यानंच सोडायची

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. "तुम्ही मोटर चालवायचं का सोडलंत?" असं मुलांनी विचारलं की मी डावा खांदा दाखवायचो. खांदा मोडला होता हे खरं आहे. पण तो सहा महिन्यांत जुळला, आणि त्या खांद्यानं मी पुढं लाकडाच्या वखारीत वीस वर्षं ओंडके मोजले, उचलले. म्हणजे कारण खांदा नव्हतं. कारण आबा होते.

आबा म्हणजे लोणावळ्याचे मोटरमिस्त्री. त्यांचं पूर्ण नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. एकदा ते नाव फौजदाराच्या कागदावर माझ्यामुळं गेलं, तेवढं पुरे.

मोटर शेडमध्ये आली की आबा ड्रायव्हरला काही विचारत नसत. पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळहात टेकायचे, अंगाचा सगळा भार टाकून गाडी खाली दाबायची आणि एकदम हात काढून मागं सरायचं. मग मान तिरकी करून ती किती वेळा वरखाली होते ते मोजायचं. "एक... दोन... आली जाग्याव." दोनात थांबली तर घाटाला हरकत नाही. तीन झाले की आबा कानामागची विडी काढून तोंडात धरत आणि आता ही गाडी आबांकडं मुक्कामाला आहे हे ड्रायव्हर ओळखत.

एकदा मुंबईचे कोणी शेठ त्यांची मोठी मोटर घेऊन आले. आबांनी ती दाबून सोडली, तर ती डुलतच राहिली. आबांनी मोजणं सोडून दिलं आणि आत बसलेल्या बाईंना म्हणाले, "बाईसाब, ही मोटार न्हाई ऱ्हायली. पाळना झालाय."

शेठ चिडले. "अरे, मुंबईपासून आलो इथवर! काही झालं नाही."

"आलासा खरं," आबा म्हणाले. "आता जायाचं बगा."

त्या काळच्या मोटरींना खाली लोखंडी पाटे असत. एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकलेल्या पट्ट्या. त्यांच्या जोडीला धक्का जिरवायला कात्रीसारखे दोन हात, आणि त्या हातांच्या सांध्यात चामड्याच्या चकत्या. चकत्या झिजल्या की गाडी उड्या मारते, आणि सगळा मार पाट्यांवर येतो. आबा चकत्या स्वतः कापत. पाट्याची पट्टी मोडली तर नवी भट्टीत तापवून, तेलात विझवून, पुन्हा मंद आचेवर धरत. तिच्यावर मोरपंखी निळा रंग चढला की मगच बाहेर काढत. तो रंग पाहताना ते बोलत नसत, आणि शेजारी कोणी बोललेलं त्यांना खपत नसे.

त्यांचा एक हट्ट सगळ्या ड्रायव्हरांच्या डोक्यात जायचा. पाटा असो की चकत्या, आबा एका बाजूचं काम घेतच नसत. उजवा मोडला तरी डावाही बदलायचा. एका ड्रायव्हरनं त्यांना डिवचलं होतं, "आबा, चपलेचा एक अंगठा तुटला तर तुम्ही दोन्ही चपला नव्या घेता का?"

"चप्पल घालून तू पाच मानसं घाटात उतरवतो व्हय रं?" आबा गाडीखालून म्हणाले. मग बाहेर येऊन त्यांनी त्याला नीट समजावलं होतं. मीही तिथंच होतो. "नवा पाटा ताठ ऱ्हातो. तो वाकंना झाला की गाडी जुन्याकडं कलती. दोनी जुनं आसलं तर येकयेळ चालंल. पर येक नवा, येक जुना, ही गाडी न्हाई न्यायाची. कुटंच न्हाई."

दुसरी गोष्ट चिंधीची. आबा मूळचे आंबीचे, शेतकऱ्याघरचे. तरुणपणी ते रेल्वेच्या शेडमध्ये कामाला होते. तिथं डब्याखाली माणूस शिरायचा तर डब्याला लाल कापड लावून शिरायचा, आणि ज्यानं लावलं त्यानंच ते काढायचं असा नियम. आबांच्या जोडीदाराचं कापड दुसऱ्याच कुणीतरी, काम संपलं समजून, काढलं. डबा हलवला गेला. आबांनी जोडीदाराला खालून काढला आणि महिन्याभरात रेल्वे सोडली. मोटरीचं काम सुरू केलं तेव्हा तो नियम मात्र सोबत आणला. काम पुरं होईपर्यंत मोटरीच्या हँडलाला, म्हणजे स्टिअरिंगला, एक लाल चिंधी बांधलेली असे. मालक येवो, साहेब येवो, ती सोडायची आबांनी. "ज्यानं बांदली त्यानंच सोडायची," एवढंच ते म्हणत.

मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा होतो. लोणावळा स्टेशनावरून खोपोलीला उतारू नेणारी एक जुनी, टपाची मोटर चालवत होतो. त्या उन्हाळ्यात तिच्या उजव्या पाट्याच्या दोन पट्ट्या गेल्या. आबांनी उजवा नवा करून चढवला. डाव्याला पोलाद पुरलं नाही. ते तळेगावला एका ओळखीच्या लोहाराकडं होतं, म्हणून सकाळच्या गाडीनं आबा तळेगावला निघाले. जाताना हँडलाला चिंधी बांधून मला म्हणाले, "सांजपातुर येतो. तवर हिला हात लावू नगं."

नऊच्या सुमाराला मालक आले. "गाडी उभी का?"

"आबांची चिंधी आहे, मालक."

"पलीकडच्या मोटरीत आपले उतारू चढायला लागलेत," मालक म्हणाले. "ड्रायव्हर कोण आहे? तू की मिस्त्री?" आणि ते निघून गेले.

हे मी नीट लिहितो, कारण पुष्कळ वर्षं मी स्वतःला उलट सांगत आलो. मालकांनी मला चिंधी सोड असं सांगितलं नव्हतं. ते शब्द मला लागले एवढंच. मी गाडीच्या पुढं गेलो आणि आबांसारखे तळहात मडगार्डवर टेकून गाडी दाबली. पहिल्याच हेलकाव्यात ती ताठ उभी राहिली. मला हसू आलं. म्हातारा उगीच अडवतो, असं मी मनात म्हणालो.

मी दाबलं ते उजवं मडगार्ड होतं. मी रोज उजवीकडून गाडीत चढायचो, म्हणून त्याच बाजूला गेलो. त्या बाजूला नवा पाटा होता. डावीकडं जाऊन दाबायला चार पावलं टाकावी लागली असती.

चिंधी सोडून मी कोटाच्या खिशात टाकली.

स्टेशनावर पाच उतारू मिळाले. त्यांत सुदुंबऱ्याचा एक तरुण शेतकरी होता. त्याची बायको खोपोलीला माहेरी बाळंत झाली होती. खांद्यावरचं घोंगडं सावरत तो डावीकडं कडेला बसला. "भाऊ, किती टाइम लागंल?" त्यानं विचारलं.

"घोंगडं नीट मांडीवर घेईस्तोवर पोचशील," मी म्हणालो. सगळे हसले.

खंडाळा मागं पडल्यावर उतार सुरू झाला, तशी गाडी डावीकडं झुकतेय हे मला जाणवलं. दुसऱ्या मोठ्या वळणावर खालून बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज आला. हँडल हातात होतं, पण चाकं ऐकेनात. कठड्याचे दगड दिसले, आणि मग काही नाही. चार उतारू वाचले. सुदुंबऱ्याचा तो तरुण जागच्या जागी गेला. त्यानं मुलीचं तोंड पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा खाटेशी मालक बसले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "चिंधीचा विषय काढू नकोस. मिस्त्रीनं गाडी दिली, तू नेली. नाहीतर लायसन तर जाईलच, वर तुरुंग." मी मान हलवली. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

संध्याकाळी फौजदार आले. बरोबर शिपाई, आणि शिपायाच्या मागं आबा. त्यांच्या खांद्यावर तळेगावहून आणलेल्या पोलादाच्या पट्ट्यांची जुडी तशीच होती. ती खाली ठेवायचं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती घेऊनच ते उभे होते.

"हा म्हणतो चिंधी बांधली होती," फौजदार म्हणाले. "होती का?"

"मला दिसली नाही, साहेब."

"आरं, हँडलाला व्हती की," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझ्या डोक्याला मार लागलाय, आठवत नसेल, अशा समजुतीनं ते सांगत होते. "नीट याद कर बाळा. उजव्या अंगाला, गाठ मारून."

"नव्हती, आबा," मी म्हणालो.

खोटं बोलायचं ते फौजदाराशी बोलून भागलं असतं. मी त्यांच्याकडं बघून, आबा म्हणून बोललो. आणि तो कोट त्या वेळी खाटेखाली पडलेला होता.

आबांना आठ दिवस वडगावला कोठडीत ठेवलं. कोर्टात काही टिकलं नाही, ते सुटून आले. पण गावानं निकाल आधीच दिला होता. शेडच्या दारावर कोणीतरी कोळशानं लिहिलं, 'खोपोलीऐवजी वर'. ज्या ड्रायव्हरांची लेकरं आबांच्या कामामुळं पोरकी झाली नव्हती, तेच रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले. मी घरी आल्यावर कोटाच्या खिशात हात घातला, आणि ती चिंधी बंबाखालच्या जाळात टाकली. बायकोनं विचारलं, काय जळतंय? मी म्हणालो, तेलकट फडकं.

आबा शेड बंद करून आंबीला गेले. नांगराचे फाळ ठोकून धारेला लावायचं, बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचं काम करू लागले. बाजारात त्यांना भेटलेल्या एकानं येऊन मला सांगितलं, "म्हातारा म्हणतो, बैलगाडीला पाटं नसत्यात, ते बरं हाय. मोडायला काय न्हाईच."

पुढं लढाई आली. पेट्रोल मिळेना, मोटरी विटांवर चढवून ठेवल्या गेल्या. आबा खंगले असल्याचं कानावर आलं, तसा एका रविवारी मी आंबीला गेलो. त्यानंतर दोन महिन्यांतच ते गेले, म्हणजे ती आमची शेवटची भेट. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं. वाक्य लहान होतं.

आबा पडवीत घोंगडीवर पडून होते. मला त्यांनी लगेच ओळखलं. "ये ड्रायवर, बस. आगं, चा टाक." आबांच्या बायकोनं, मावशींनी, गुळाचा चहा आणून ठेवला. माझ्याकडं न बघताच त्या आत गेल्या.

"येक इचारू?" आबा म्हणाले. "कंचा पाटा तुटला?"

"डावा. जुना."

त्यांनी डोळे मिटले. "मंजी माजा न्हवं," ते म्हणाले. "इतकी वर्सं वाटायचं, उजव्याला पानी कमी-जास्त दिलं का काय म्या. त्यो रंग नीट बगितला का न्हाई. कुनी सांगितलंच न्हाई रं मला."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तेच पुन्हा बोलू लागले.

"आनी त्या चिंदीचं. आदी मला वाटलं, तू खोटं बोलतुयास. लय शिव्या दिल्या तुला. मंग इचार केला, ह्यो पोरगा माज्याशी कशाला खोटं बोलंल? गाडी धरायच्या गडबडीत मीच इसारलो आसंन. बांदली आसं वाटतंय, हात लावू नगं म्हनालो आसंबी वाटतंय; पर बांदली नसंन, म्हनालोबी नसंन." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "त्या मानसाचं पाप माज्याकडंच लागतंय. तू मनाला लावून घेऊ नगं."

चहा निवला होता. मी तो एका घोटात प्यायलो आणि म्हणालो, "आभाळ आलंय, आबा. निघतो. पुन्हा येईन."

"ये की," ते म्हणाले.

आंबीतून तळेगाव स्टेशनाकडं मी पायी निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अर्ध्या वाटेवर माझे पाय थांबले, आणि ते वाक्य आपोआप तोंडातून बाहेर पडलं. मोठ्यानं, स्पष्ट, कुठंही न अडखळता: "आबा, तुम्ही बांधली होती, मी सोडली, मला माफ करा."

गाडीला अजून तासभर अवकाश होता. मी स्टेशनाकडं चालू लागलो.