‘ख’ अक्षराचे बारसे

नातवाच्या बारशाला आत्याच्या वाट्याचे गुद्दे मी खाल्ले, एवढे सत्य आहे. त्यापलीकडे नांदुऱ्यात जे सांगितले जाते, ते सर्व बनावट आहे.

पत्रिकेवरून नावासाठी ‘ख’ अक्षर निघाले आणि घरात जणू सुतकच आले! सूनबाई रडवेली होऊन म्हणाली, “मामंजी, पोट्टे शाळेत चिडवतीन ना त्याले!”

मी जन्मभर भाषा शिकवली आहे. म्हणालो, “ख म्हणजे आकाश. आकाशात फिरतो तो खग, तोच खेचर. आकाशाचा गोल तो खगोल. एका अक्षराच्या छत्राखाली एवढे मोठे कुळ नांदते! नाव ठरले: खगेंद्र. पक्ष्यांचा राजा!”

“बाबा, पोरगं हाय ते, पाखरू नाही!” माझी कन्या सुनंदा कडाडली. “आत्या मी हाय. नाव मीच ठेवीन. खुशाल!”

“खुशाल आकाशाच्या कुळातले नाही.”

“आनंदाच्या कुळातलं हाय ना! तुमचं आकाश काय चाटाचं हाय काय?”

(या मुलीला मीच बोलायला शिकवले.)

बारशाच्या दिवशी आमची बोलाचाल बंद होती. आमच्याकडे पाळण्यावर लुगडे धरतात, आत्या त्याखाली वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि तत्क्षणी बाया तिच्या पाठीत गुद्दे घालतात. कानात आधी पडेल ते नाव! बाया मुठी आवळून उभ्या. सुनंदा पदर खोचत होती, तेवढ्यात मी दुसऱ्या बाजूने लुगड्याखाली शिरलो.

“ख...” एवढेच उच्चारले आणि पहिला गुद्दा बसला. विहीणबाईंचा!

“थांबा! मी आहे!”

“अवं, आवाज काऊन बसला वं तुया?” विहीणबाई म्हणाल्या आणि दुसरा घातला!

मी किंचाळलो, असे म्हणतात. मी फक्त मोठ्याने श्वास सोडला. त्या गदारोळात सुनंदाने समोरून वाकून शांतपणे “खुशाल” सांगितले. बाळ हसले. संपले!

तिला मिळालेली मानाची साडी तिने सर्वांदेखत माझ्या खांद्यावर टाकली. “गुद्दे ज्याले, साडी त्याले!”

ती मी जेवणे उरकेपर्यंत मिरवली, हे तर धादांत खोटे आहे. पंगतीत वाढपी “आत्याबाई, जिलबी घ्या” म्हणाला, त्याच क्षणी मी ती उतरवली. (जिलबी घेतल्यावर.)